मेंढ्याची ग्रामसभा आणि आपल्या विहिरी

गावाचा विकास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सरपंच, सचिव आणि सरकारी योजना येते. योजना वरून येते, काम होते, फोटो निघतो. पण गावानेच एकत्र बसून आपले जंगल आणि पाणी नातवंडांपर्यंत कसे पुरेल याचा आराखडा करायचा, असे कुठे होते का? होते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे लहानसे गाव आहे.

१९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध आदिवासींनी आंदोलन केले. त्यातून मेंढ्याचे लोक विचाराला लागले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुढे सर्वत्र गाजली. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे साथी मोहन हिराबाई हिरालाल ही नावे तिच्याशी जोडलेली आहेत.

घोषणा काय, कोणीही देईल. मेंढ्याचे वेगळेपण अभ्यासात आहे. तेथे अभ्यास मंडळ बसते. मध काढताना माशा व पोळे कसे वाचवावे, असाही विषय त्यात निघतो. बाहेरचा जाणकार माहिती देतो, निर्णय मात्र देत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचे जरी पटले नाही तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. यात वेळ फार जातो, हे खरे. पण मतदानात हरलेला माणूस घरी जाऊन नियम मोडतो. ज्याने स्वतः होकार दिला तो सहसा मोडत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना! कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला होता, पण वाहतुकीचा परवाना वनविभागाच्या हाती होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली. कागदावरचा हक्क हातात पडायला दोन वर्षे लागली. पुढे २०१३ मध्ये गावाने ग्रामदान करून आपल्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे केल्या.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागाचा जीव संत्र्यात, आणि संत्र्याचा जीव पाण्यात. बाग जगवायला एकाने बोअर खोल नेली की शेजाऱ्याची विहीर बसते. मग तोही खोल जातो. यात वाईट कोणीच नाही, पण पाणी दोघांचेही जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने यावर उपाय केला. तेथे दरवर्षी पाऊस व विहिरींचे पाणी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात, त्यावरून पिके ठरतात, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. मध्य प्रदेशातही २००१ पासून ग्रामस्वराज्याच्या कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिलेले आहेत. मोजमाप मात्र आपणच करायचे आहे.

स्वाध्याय : आपल्या आजोबांना विचारा, ते लहान असताना विहिरीला कितव्या हातावर पाणी होते? आज किती हातांवर आहे? दोन्ही आकडे वहीत लिहा आणि पुढच्या ग्रामसभेला घरच्या मोठ्यांबरोबर ती वही घेऊन जा.