पंख्याची खरी किंमत किती?

मीठ आणि छताचा पंखा या दोन्ही वस्तू तुमच्या घरी पैसे देऊनच आलेल्या असतात. पण या दोन खरेदींत एक महत्त्वाचा फरक आहे. मीठ वापरले की संपते. पंखा एका दिवसाच्या वापराने संपत नाही; तो वर्षानुवर्षे वारा देत राहतो. पंखा, फ्रिज, शिलाई मशीन, सायकल अशा वस्तूंना टिकाऊ उपभोग्य वस्तू म्हणतात. त्या घेताना आपण खरे तर अनेक वर्षांची सेवा एकदम विकत घेत असतो.

या एका गुणामुळे त्यांच्या बाजाराची चालच निराळी होते. समजा, एका वस्तीत १०० घरे आहेत, प्रत्येक घरात एक पंखा आहे आणि पंखा १० वर्षे टिकतो. सर्वांनी पंखे वेगवेगळ्या वर्षी घेतले असतील, तर दरवर्षी १० पंखे बदलावे लागतील. दुकानदाराचा धंदा तेवढाच. एका वर्षी पीक बुडाले आणि लोक म्हणाले, "जुना पंखा दुरुस्त करू, आणखी एक वर्ष काढू." शंभरही घरांत पंखे फिरतच राहिले, पण त्या वर्षीची विक्री मात्र १० वरून शून्यावर आली! मिठाचे असे होत नाही. आजचे मीठ कोणी पुढच्या वर्षावर ढकलत नाही. टिकाऊ वस्तूंची खरेदी पुढे ढकलता येते, म्हणून त्यांच्या बाजारात चढउतार फार. आपल्या देशात औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक काढताना टिकाऊ आणि इतर उपभोग्य वस्तूंचे आकडे वेगवेगळे देतात, ते पाहिले की ही चाल ध्यानात येते.

आता ग्राहकाच्या बाजूने विचार करू. सेवा जशी अनेक वर्षे मिळते, तसा खर्चही अनेक वर्षे होत राहतो. दुकानातल्या चिठ्ठीवर त्यातला पहिलाच हप्ता लिहिलेला असतो!

समजा, दोन पंखे सारखाच वारा देतात आणि दोन्ही १० वर्षे टिकतात. पहिला १,६०० रुपयांचा, ५० वॅटचा. दुसरा २,६०० रुपयांचा, ३० वॅटचा. पंखा रोज १२ तास, वर्षातून ३०० दिवस पूर्ण वेगाने चालतो, म्हणजे वर्षाला ३,६०० तास. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. म्हणून पहिला पंखा वर्षाला १८० युनिट घेईल आणि दुसरा १०८. युनिटला ८ रुपये दर धरला, तर दहा वर्षांचे वीजबिल अनुक्रमे १४,४०० आणि ८,६४० रुपये होईल. खरेदीची किंमत मिळवा. 'स्वस्त' पंखा १६,००० रुपयांना पडला, 'महाग' पंखा ११,२४० रुपयांना. स्वस्त पंख्याच्या एकूण खर्चाचा जेमतेम दहावा भाग दुकानात दिसत होता! जादा दिलेले हजार रुपये दोन वर्षांच्या आतच वसूल होतात.

मग सगळेच दुसरा पंखा का घेत नाहीत? एक कारण असे, की हिशेब कोणी सांगत नाही. दुसरे असे, की ज्याच्या हातात आज हजार रुपये जास्तीचे नाहीत, त्याला स्वस्त पंखाच घ्यावा लागतो आणि तोच दर महिन्याला जास्त बिल भरतो. तिसरे कारण भाड्याच्या खोल्यांत दिसते. तेथे पंखा बसवतो घरमालक आणि बिल भरतो भाडेकरू. मालकाने काटकसर करावी आणि तिचा भार दुसऱ्याने सोसावा, असा हा प्रकार आहे.

पहिल्या कारणावर उपाय म्हणजे उपकरणावरचे तारांकित लेबल. २००२ साली स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ही योजना २००६ साली सुरू केली. छताच्या पंख्यांना हे लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलतो, त्या आकड्याला वॅटने भागतात. २१० घनमीटर हवेला ५० वॅट लागत असतील तर उत्तर ४.२ येते, ३० वॅट लागत असतील तर ७. उत्तर जितके मोठे, तितके तारे अधिक. मात्र ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात. म्हणून लेबलावरचे वर्षही वाचावे. जुन्या लेबलाचे पाच तारे आणि नव्या लेबलाचे पाच तारे सारखे नसतात.

करून पाहा : घरातील प्रत्येक पंख्याचे वॅट लेबलावरून किंवा खोक्यावरून टिपून घ्या. आठवडाभर तो किती तास चालतो याची नोंद ठेवा. वीजबिलावरचा युनिटचा दर घेऊन वर्षाचा खर्च काढा. पंखा बराच जुना आणि ७५ वॅटचा असेल, तर तो ठेवणे स्वस्त की बदलणे, हेही वरच्या रीतीने ठरवा. ते उत्तर घरातील मोठ्यांना दाखवा. पुढच्या खरेदीच्या वेळी दुकानदारापेक्षा तुमची वही अधिक उपयोगी पडेल.