औषधाच्या डब्यांना कुलूप

भाऊ, घरी गेलास की आधी एक काम कर. गोठ्याशेजारच्या खोलीतलं फवारणीचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध, सगळं आज अंधार पडायच्या आत माझ्याकडे आणून टाक. लागेल तेवढंच सकाळी घेऊन जा. आपल्या सोनईपासून शिंगणापूर हाकेवर. तिथल्या घरांना दारं-कुलपं नाहीत, हे मीही पाहुण्यांना कौतुकानं सांगते. पण पोरगं "मी नसलो की तुम्ही सुटाल" म्हणायला लागलं, की कुलूप लावायचं. मरायची ऊर्मी बरेचदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसावं. श्रीलंकेनं सगळ्यात जहाल औषधांवर बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या पुढे निम्म्याहून कमी झाल्या, असं मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. रात्रीची लाईट आली म्हणून उसाला पाणी द्यायला त्याला एकट्याला विहिरीवर धाडू नकोस.

आणि त्याला सरळ विचार, "जीव द्यायचं मनात येतं का रे?" विचारल्यानं ते मनात भरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून पोरगं मोकळं होतं. "हो" म्हणाला तर ओरडू नकोस, शपथा घालू नकोस, नोकरी गेल्याचा विषय तर काढूच नकोस. शेजारी बस. रात्री त्याच्या खोलीत कुणीतरी झोपा. 14416 लाव, टेली-मानस म्हणतात, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही मराठीत बोलतात. तो बोलत नसेल तर तू बोल, आईबापांनाही वाट सांगतात.

काही घेतलंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. 108 लावा आणि औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टरांना "चक्कर आली" असं खोटं सांगायचं नाही. पोलिसांना भिऊन लोक लपवतात आणि तेवढ्यात वेळ जातो. 2017 च्या कायद्यानं असं माणूस तणावाखाली होतं असंच धरतात, त्याला गुन्हेगार करत नाहीत.

माझ्या थोरल्याच्या वेळी हे सांगायला कुणी नव्हतं. दोन वर्षं आम्ही अंगारे-धुपारे केले. पोरगं आतल्या खोलीत, आणि मी पाहुण्यांना सांगायची, पुण्याला कंपनीत आहे. ती दोन वर्षं मला अजून टोचतात. दाजी तर "दोनाचे चार हात केले की सुधारेल" म्हणत मुलगी पाहायला निघाले होते. मी दारात आडवी बसले. लोकाची लेक म्हणजे औषध नव्हे, भाऊ.

नगरच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात. "तुला झोप नाही, ते दाखवू" म्हण. ते खरंच आहे. नाहीच आला तर तुम्ही दोघं आधी जाऊन सांगा. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. हसायला लागला म्हणून बंद करू नका, आम्ही केल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुण्यात 'सा' म्हणून स्किझोफ्रेनियाची संस्था आहे, तिथं घरचे लोक एकमेकांशी बोलतात. डॉ. जगन्नाथ वाणींनी ती काढली. कॅनडात प्राध्यापक होते, त्यांच्या बायकोलाच हा आजार. तिथं बसल्यावर माझी मान पहिल्यांदा वर झाली.

तुझी बायको कालपासून जेवली नाही. तिला इकडे पाठव, भाकरी टाकलीय. तोवर पोराजवळ तू थांब. डबे मोटारसायकलवर दोन फेऱ्यांत येतील. मी जागी आहे.