शरपंजरी वक्ता आणि अपराधी श्रोता : शांतिपर्वातील एक दुर्लक्षित नाते

महाभारताच्या शांतिपर्वाकडे अभ्यासकांनी पाहिले ते प्रामुख्याने राजधर्म, आपद्धर्म व मोक्षधर्म यांचा कोश म्हणून. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या १९६६ साली पूर्ण झालेल्या चिकित्सित आवृत्तीत या पर्वाचे ३५३ अध्याय आहेत. त्याला जोडून येणाऱ्या अनुशासनपर्वाचे १५४. मरणोन्मुख वृद्धाच्या मुखी एवढे विवेचन घातलेले पाहून ते उत्तरकालीन भर म्हणून बाजूला सारण्याकडे आधुनिक वाचकाचा कल होतो. संहितेच्या थरांचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्या चर्चेत प्रश्न विचारणारा कोण आणि तो कोणत्या अधिकाराने विचारतो, हा साहित्यदृष्ट्या अधिक मोलाचा प्रश्न मागे पडला.

युधिष्ठिराने भीष्मांना विचारलेला पहिला मोठा प्रश्न धर्माविषयीचा नाही. युद्धारंभी तो शस्त्रे ठेवून पायी शत्रुसैन्यात जातो, पितामहांचे चरण धरतो आणि त्यांचा पराभव कसा होईल ते विचारतो. माझा मृत्युकाल अजून आलेला नाही, पुन्हा ये, अशा अर्थाचे उत्तर मिळते. नवव्या दिवसाच्या रात्री तो कृष्ण व बंधूंसह खरोखरच पुन्हा येतो आणि वृद्ध पितामह आपल्या वधाचा उपाय, म्हणजे शिखंडीला पुढे करण्याची युक्ती, स्वतःच सांगतात. राज्याची आकांक्षा बाळगणाऱ्या तरुणाला वडीलधाऱ्याकडून मिळालेले हे पहिले ज्ञान होय. त्याचा विनियोग दुसऱ्याच दिवशी होतो.

शरशय्येवरील पहिले श्रोते मात्र दुसरेच आहेत. भीष्म दुर्योधनाला संधीचा उपदेश करतात. तो मानला जात नाही. इतर राजे परतल्यावर कर्ण येतो. भीष्म त्याला त्याच्या जन्माचे रहस्य आपल्याला ठाऊक असल्याचे सांगून पांडवांशी सख्य करण्यास सुचवतात. कर्ण नम्रपणे ऐकतो आणि नकार देतो. मराठी वाचकाच्या मनात कर्णाचे स्थान एवढे मोठे आहे (शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने, १९६७, ते अधिकच उंचावले) की या नकारातील उदात्तताच आपल्याला दिसते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. आकांक्षा जिवंत असेपर्यंत मरणाऱ्याचा शब्द कानावर पडतो, आत उतरत नाही.

युधिष्ठिर प्रश्न घेऊन येतो तो आकांक्षा पुरी झाल्यावर आणि पुरी होताच नासल्यावर. त्याला राज्य मिळाले आहे व ते नको आहे. येथील एक तपशील फार बोलका आहे. तो भीष्मांसमोर यायलाच धजत नाही. त्याला लाज वाटते आणि शापाचे भय वाटते, हे कृष्णाला सांगावे लागते. भीष्मांच्या वेदना कृष्णाच्या वराने आधीच शमल्या आहेत. श्रोत्याच्या लज्जेला मात्र तसा वर नाही. लोभाने मर्यादा सोडणाऱ्या वडीलधाऱ्यांशी व गुरूंशीही लढणे हा क्षत्रियाचा धर्मच, असे सांगून भीष्म त्याला जवळ बोलावतात, त्याच्या मस्तकाचे अवघ्राण करतात, बस म्हणतात, भिऊ नकोस म्हणतात. उपदेशाची शेकडो पृष्ठे या एका कृतीनंतर सुरू होतात. वधाचा उपाय विचारणाऱ्यालाच वधित धीर देतो, आणि मगच राजधर्माचा पहिला प्रश्न उच्चारला जातो. हा प्रसंग वगळून राजधर्म वाचणे म्हणजे पत्रातला मायना व सही काढून टाकून केवळ मजकूर वाचणे.

हा उपदेश सफल होतो काय? परंपरेने बहुधा होकारार्थी उत्तर गृहीत धरले. संहिता तसे म्हणत नाही. आपद्धर्माच्या अखेरीस भीष्म थांबतात तेव्हा युधिष्ठिर घरी जाऊन विदुर व बंधूंशी धर्म, अर्थ, काम यांतील श्रेष्ठतेची चर्चा करतो आणि स्वतःचा कल मोक्षाकडे दाखवतो. राज्यकारभाराचे एवढे शिक्षण घेऊनही मन राज्याकडे वळलेले नाही. अनुशासनपर्वाचा आरंभ तर याहून स्पष्ट आहे: शम नानापरींनी सांगितलात, पण माझ्या हृदयाला शांती नाही, असे तो म्हणतो. उत्तरादाखल भीष्म गौतमीची कथा सांगतात. तिच्या मुलाला सर्प दंश करतो. व्याध सर्पाला बांधून आणतो. सर्प मृत्यूकडे, मृत्यू काळाकडे आणि काळ त्या मुलाच्याच कर्माकडे बोट दाखवतो. कथेचा हेतू श्रोत्याचा अपराधभाव हलका करण्याचा आहे. ती सांगणारा स्वतः बाणांवर निजलेला आहे, ही बाब मात्र कथा पुसून टाकू शकत नाही.

शरशय्येवर अठ्ठावन्न रात्री काढून, उत्तरायण लागल्यावर भीष्म देह ठेवतात. आश्वमेधिकपर्वाच्या प्रारंभी, जलदान आटोपून गंगेबाहेर येताच युधिष्ठिर काठावर कोसळतो. सर्व धर्म ऐकूनही तुला हा मोह कसा, असे व्यास त्याला विचारतात. या प्रश्नाला युधिष्ठिराजवळ उत्तर नाही. व्यास त्याला यज्ञ करावयास सांगतात, आणि तो अश्वमेधाच्या तयारीला लागतो.