दांतांची शुभ्रता
दांत पांढरे व्हावे म्हणून त्यांवर कोळशाची पूड किंवा लिंबू घांसणारे विद्यार्थी आम्ही पाहतों. परंतु घर्षणानें व आम्लानें दांतांचें कवच झिजतें; तें पुन्हां येत नाहीं. आंतील थर स्वभावतःच पिंवळसर असल्यामुळें दांत उलट अधिकच पिंवळे दिसतात.

दंतवैद्य हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. तें कवचांत शिरून रंगद्रव्याचे कण फोडतें. मात्र प्रमाण चुकल्यास हिरड्या भाजतात, दांत ठणकतात. म्हणूनच युरोपीय संघानें २०११ सालीं ०.१ टक्क्याहून अधिक, ६ टक्क्यांपर्यंतचें द्रव्य दंतवैद्यांच्याच हातीं ठेविलें व १८ वर्षांखालील मुलांस वर्ज्य केलें.

विद्यार्थ्यांनीं रोज दोन वेळां मऊ ब्रशानें दांत घांसावे. डाग राहिल्यास आईबापांनीं दंतवैद्यास विचारावें. निरोगी दांत किंचित् पिंवळसर असणें हा दोष नव्हे.