ओरखड्याची खोली

चोपड्यासारख्या गावी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाच्या वाट्यास जे ओरखडे येतात, ते अपघातापेक्षा नित्यक्रमानेच अधिक येतात. शिवारातील अरुंद गाडीवाटेवर दोन्ही अंगांच्या बाभळी दारांना घासून जातात. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीच्या मालमोटारी धुरळा उडवीत जातात. आणि तो धुरळा, ज्यात काळ्या मातीच्या मऊ भुकटीबरोबर रेतीचे टोकदार कणही मिसळलेले असतात, घरोघरी रोज सकाळी कोरड्या फडक्याने मोठ्या निष्ठेने रंगावर घोटला जातो. गडद रंगाच्या गाडीवर उन्हात जे गोलाकार ओरखड्यांचे जाळे दिसते, ते बहुतांशी या निष्ठेचेच फळ होय.

माझ्या निळ्या गाडीच्या दारांवरील बाभळीचे चरे काढण्यासाठी ती मी एका रंगकाम करणाऱ्या कारागिराच्या स्वाधीन केली. "काका, संध्याकाळपर्यंत शोरूममधून आणल्यासारखी करून देतो," असे आश्वासन त्याने दिले आणि ते अक्षरशः पाळलेही. परंतु दोन-चार वेळा गाडी धुतल्यावर घासण्याच्या कंपाउंडमधील तेलकट अंश निघून गेला, बुजल्यासारखे वाटलेले चरे पुन्हा वर आले, आणि मागील दाराच्या घडीवर, जेथे पत्रा कोनात वळतो व थर मुळातच पातळ असतो, तेथे रुपयाएवढा निस्तेज ठिपका उमटला. पुढील उन्हाळ्यात त्या ठिपक्याच्या कडेने पापुद्रे सुटू लागले आणि अखेर ते संपूर्ण दार नव्याने रंगविण्याची तजवीज करावी लागली. कारागीर लबाड नव्हता. त्याच्या उस्तादाची तालीम अँबॅसडर-फियाटच्या जमान्यातील होती. त्या काळी रंग आणि चकाकी एकाच थरात नांदत असल्यामुळे घासताना फडक्यास रंग लागणे हे काम नीट चालल्याचे लक्षण मानीत. आज तेच लक्षण धोक्याचे ठरते.

कारण हल्लीच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर अशी रचना असते. हे सारे मिळून साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा अवघा 35 ते 50 मायक्रॉनांचा असतो. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे पॉलिशच्या फिरत्या मशीनखाली किती अल्प भांडवल असते याची कल्पना येईल. पॉलिशने ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या तळाशी समपातळी येईपर्यंत भोवतालचा थर उतरविला जातो, आणि उन्हातील अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये त्याच थरात असल्यामुळे खानदेशच्या उन्हात या खर्चाची वसुली लवकर होते.

म्हणून कोणतीही बाटली उघडण्यापूर्वी ओरखड्याची खोली पाहावी. गाडी सावलीत शाम्पूच्या पाण्याने स्वच्छ धुवावी आणि चऱ्यावर पाणी शिंपडावे. ओलेपणी तो अदृश्य होत असेल व त्यावरून आडवे नख फिरविले असता अडत नसेल, तर तो वरच्या थरापुरता आहे असे समजण्यास हरकत नाही. नख अडत असेल तर तो पूर्ण नाहीसा करण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या धारदार कडा किंचित बोथट झाल्या तरी तो नजरेआड होतो. आणि आत प्रायमर अथवा पत्रा दिसत असेल, तर ते पॉलिशचे कामच नव्हे. गाडीवरील पट्टीवर दिलेल्या रंगाच्या क्रमांकाप्रमाणे टच-अप लावून पावसाळ्यापूर्वी तो पत्रा झाकावा.

मामुली ओरखड्यांसाठी सर्वांत सौम्य पॉलिश, फोमचा पॅड आणि हात एवढी सामग्री पुष्कळ होते. घड्या व कडांवर मास्किंग टेप लावून प्रथम तळहाताएवढ्या जागेवरच प्रयोग करावा, मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसावी, म्हणजे तेलकट लेप उतरून खरी अवस्था दिसते. पॅडवर गाडीचा रंग उतरलेला दिसताच हात आवरावा. दुसऱ्या वाहनाचा रंग घासून चिकटला असेल तेव्हा फडक्यास लागणारा रंग निराळा. तो ओळखू येतो. 2000 नंबरचा वॉटर पेपर नवशिक्याने हाती धरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टूथपेस्टची शिफारस करणारे हितचिंतक प्रत्येक आळीत भेटतात. तीही घासणारीच वस्तू, फक्त तिचा कण किती जाड याचा पत्ता नसतो. रॉकेल चोळल्याने चरा काही काळ झाकतो इतकेच.

धुण्यासाठी बोअरचे जड पाणी वापरले असेल तर ते अंगावर सुकू देऊ नये, अन्यथा क्षारांचे डाग पडतात आणि ते काढण्यासाठी पुन्हा पॉलिशच हाती घ्यावे लागते. हे सारे काम दिवाळीनंतरच्या थंडीत काढावे. चैत्र-वैशाखात इकडे सावलीतला पत्राही इतका तापलेला असतो की पॉलिश पसरण्यापूर्वीच वाळून जाते.