हिवाळ्यातील उबदार दिवस आणि घरात निघणारे पतंग

पौष-माघाच्या दिवसांत निमाड, बुऱ्हाणपूर, खानदेश या कापूस पिकविणाऱ्या भागांत कधी कधी आभाळ भरून येते, मावठ्याच्या चार सरी पडतात, रात्रीची थंडी ओसरते आणि काही दिवस हवा उबदार राहते. ज्या घरात भाव चढण्याच्या अपेक्षेने कापूस साठविलेला असतो, त्या घरात अशा वेळी संध्याकाळी दिव्याभोवती करड्या-तपकिरी रंगाचे लहान पतंग फिरताना दिसतात. भिंतीच्या फटीत किंवा कापसाच्या ढिगाखाली गुलाबी रंगाची, सुमारे अर्धा इंच लांबीची अळीही आढळते. घरातील माणसे ती धान्यातील कीड समजून गव्हाची कोठी उन्हात काढतात. ही समजूत चुकीची असली तरी अस्वाभाविक नाही, कारण धान्यातील एक पतंग आणि हा पतंग एकाच कुळातील आहेत. तथापि घरात निघालेला हा पतंग कपडे खात नाही, धान्य खात नाही आणि माणसास चावत नाही. तो कापसावरील गुलाबी बोंडअळीचा पतंग आहे, आणि त्याचे खरे लक्ष्य घराबाहेर, शेतात आहे.

कीड कोठे दडते

या किडीची मादी पाते, फुले व कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरते व सरकी खाते. तिने पाडलेले छिद्र लवकरच बुजते, त्यामुळे बाहेरून बोंड निरोगी दिसते आणि फवारलेले औषध आतील अळीपर्यंत पोहोचत नाही. हंगामाच्या अखेरीस वाढलेली अळी दोन सरक्या रेशमी धाग्याने एकमेकींस चिकटविते व त्यांच्या पोकळीत स्वतःला मिटून घेते. अशा जोडसरकीत अळी आहे हे ढिगाकडे पाहून कोणासही कळत नाही. याच रीतीने ती पऱ्हाटीवरील वाळक्या, न उमललेल्या बोंडांत राहते. वेचलेल्या कापसाबरोबर ती घरात, आणि तेथून जिनिंग कारखान्यात जाते. म्हणजे हिवाळ्यात ही कीड शेतापेक्षा आपल्या ओसरीवर, जळणाच्या गंजीत आणि सरकीच्या पोत्यात अधिक सुरक्षित असते.

झोप आणि जाग

अळीच्या या स्थितीस सुप्तावस्था म्हणतात. ती केवळ थंडीमुळे येते असे नाही. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार झाल्या आणि खाण्यास पक्व, तेलकट सरकी मिळू लागली, की काही अळ्या कोषात न जाता तशाच निश्चल पडून राहतात. या अवस्थेत त्या कित्येक महिने काहीही न खाता जगतात.

सर्व अळ्यांची झोप मात्र सारखी नसते. उत्तर भारतातील कडक हिवाळ्यात बहुतेक अळ्या गाढ सुप्तावस्थेत जातात. मध्य भारतात हिवाळा सौम्य असल्याने काही गाढ झोपतात, तर काही थोडी अनुकूलता मिळताच कोषात जाऊन पतंग होतात. ढगाळ, उबदार व दमट हवा ही अशी अनुकूलता होय. चुलीजवळच्या कोनाड्यातील किंवा पत्र्याखालील ऊबही तिला पुरते. म्हणूनच जानेवारीत घरात चार पतंग दिसले तर साठ्यातील कीड संपली असे समजू नये. उरलेल्या अळ्या पुढील उन्हाळ्यापर्यंत व पावसाळ्याच्या आरंभापर्यंत टप्प्याटप्प्याने बाहेर पडतात.

पतंग केव्हा मरतो, केव्हा वाढतो

पतंगाचे आयुष्य साधारणपणे एक ते तीन आठवड्यांचे असते. तेवढ्या अवधीत मादीस अंडी घालण्याजोगे कापसाचे पीक मिळाले नाही, तर तिची संतती जगू शकत नाही. अवेळी निघालेला पतंग अशा रीतीने निसर्गतःच निष्फळ ठरतो. यास कीटकशास्त्रात आत्मघातकी निर्गमन असे म्हटले जाते. हिवाळ्यातील उबदार दिवस हे या दृष्टीने शेतकऱ्यास मिळालेले वरदानच आहे. कारण त्या दिवसांत जितके पतंग निघतील तितके विनासायास नाहीसे होतील.

हे वरदान आपण स्वतःच दोन प्रकारे गमावतो. एक, डिसेंबरनंतरही पाणी देऊन फरदड घेतल्यामुळे. फरदडीवर पाते, फुले व हिरवी बोंडे असतात, आणि घरातून निघालेल्या पतंगास जवळच अन्न मिळते. एक मादी शंभराहून अधिक अंडी घालते व सुमारे महिन्या-सव्वा महिन्यात नवी पिढी तयार होते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन महिन्यांच्या फरदडीचे मोल कळेल. दोन, ओलिताच्या बळावर मे महिन्यातच लागवड केल्यामुळे. लवकर लावलेल्या पिकास लवकर पाते येतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस निघणाऱ्या पतंगांची सोय होते. दोन हंगामांमध्ये शेत जितका काळ कापसावाचून राहील, तितकी किडीची साखळी तुटते.

भडोचपासून टेक्सासपर्यंत

या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन भडोच येथून पाठविलेल्या नमुन्यांवरून १८४३ साली झाले. पुढे सरकीत दडूनच ती इजिप्तमध्ये, तेथून मेक्सिकोत आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पोहोचली. भारतात २००२ साली बीटी कापूस आला व २००६ साली दोन जनुकांचे वाण आले, तेव्हा गुलाबी बोंडअळीचा प्रश्न मिटला असे अनेकांस वाटले. परंतु किडीने प्रथम एका आणि नंतर दोन्ही जनुकांच्या विषास दाद देणे सोडले. हा बदल प्रथम गुजरातेत दिसला आणि २०१७ साली महाराष्ट्रात या किडीने मोठे नुकसान केले. उलट अमेरिकेने २०१८ साली या किडीच्या निर्मूलनाची घोषणा केली. तेथेही बीटी वाण होते. परंतु त्याच्या जोडीला वंध्य पतंग सोडणे, कामगंध सापळ्यांनी टेहळणी करणे आणि पिकाचे अवशेष मुदतीत नष्ट करणे ही कामे सर्व शेतकऱ्यांनी मिळून केली. सामुदायिक शिस्तीवाचून केवळ बियाण्यावर विसंबून चालत नाही, हा त्यातील धडा आहे.

घरात काय करावे

१. पतंग दिसताच घरात कीटकनाशक फवारू नये. औषध जोडसरकीतील अळीपर्यंत पोहोचत नाही. मात्र अन्न, पाणी व लहान मुले यांस धोका होतो.

२. किडका, डागाळलेला कवडी कापूस चांगल्या कापसात न मिसळता वेगळा ठेवावा व प्रथम विकावा. कापूस उचलल्यावर ढिगाखालील केरकचरा व अळ्या झाडून जाळाव्यात आणि भिंतीच्या फटी बुजवाव्यात.

३. पऱ्हाटी जळणासाठी लागत असेल तर तिच्यावरील वाळकी बोंडे तोडून नष्ट करावीत आणि मगच गंजी रचावी. गंजी शेताच्या बांधावर ठेवू नये व पावसाळ्यापूर्वी संपवावी.

४. जनावरांसाठी ठेवलेली सरकी उन्हाळ्यापूर्वी वापरून संपवावी.

गावाने काय करावे

डिसेंबरअखेर पीक संपवून शेतात शेळ्या-मेंढ्या चराव्यात, म्हणजे उरलेली बोंडे त्या खातात. त्यानंतर पऱ्हाटी उपटून किंवा यंत्राने बारीक करून खोल नांगरट करावी. जिनिंग कारखान्याच्या आवारात कामगंध सापळे लावून पडलेल्या अळ्या व सरकीचा कचरा नियमित नष्ट करावा. पुढील हंगामात दर हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुले, म्हणजे डोमकळ्या, दिसताच तोडून नष्ट कराव्यात.

फरदडीतून हाती येणारे दोन पैसे लहान शेतकऱ्यास मोलाचे असतात, हे नाकारता येत नाही. परंतु तो कापूस बहुधा हलक्या प्रतीचा असतो, आणि त्याची किंमत पुढील वर्षी त्याच्याबरोबर शेजाऱ्यासही मोजावी लागते. एका शेतातील फरदड साऱ्या शिवाराच्या किडीस पोसते. म्हणून हा निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या विचाराने व्हावा.

शाळेसाठी प्रयोग

शिक्षकांनी डिसेंबरात पऱ्हाटीवरील वाळकी, न उमललेली शंभर बोंडे मुलांकडून जमवावीत. पन्नास-पन्नास बोंडे दोन बरण्यांत घालून तोंडे पातळ कापडाने घट्ट बांधावीत. एक बरणी उबदार खोलीत व दुसरी गार सावलीत ठेवावी. दर सोमवारी तापमान आणि निघालेल्या पतंगांची संख्या वहीत लिहावी. मार्चअखेर बोंडे फोडून उरलेल्या अळ्या मोजाव्यात आणि सर्व साहित्य जाळून टाकावे. एकही पतंग बाहेर सुटू देऊ नये.

मुलांनी नोंदविलेले हे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. शेतकऱ्याच्या स्वतःच्या बोंडांतून निघालेली कीड मोजून त्याच्यासमोर ठेवली, तर पीक वेळेवर संपविण्याचे महत्त्व त्यास निराळे सांगावे लागणार नाही.