माळीकाम आणि व्यवसायजन्य विषबाधा : चिकित्सकाच्या दृष्टीने

व्यवसायजन्य विकार म्हटले की आपल्यासमोर कारखान्यातील कामगार, खाणीतील मजूर किंवा गिरणीतील धूळ येते. बागेत काम करणारा माणूस मात्र निसर्गाच्या सान्निध्यात असल्याने निरोगीच असणार, असे आपण गृहीत धरतो. आमच्या उपनगरातील चिकित्सालयात गेली काही वर्षे गृहसंकुलांचे व शाळांचे माळी नियमित येत असतात. त्यांच्या तक्रारी पाहता हे गृहीतक आम्हास सोडून द्यावे लागले. बहुतेक माळी ठेकेदारामार्फत नेमलेले असतात. हातमोजे, चष्मा, बूट देण्याची जबाबदारी नक्की कोणाची, हे ना संकुलाच्या समितीस ठाऊक असते ना ठेकेदारास. त्यामुळे त्यांना विचारणारा पहिला माणूस बहुधा वैद्य किंवा औषध दुकानदारच असतो.

प्रथम आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी एक वाजता पंचेचाळिशीतील एक माळी चक्कर, मळमळ व भरपूर घाम या तक्रारी घेऊन आला. सकाळपासून उन्हात काम केल्याचे त्याने सांगितले. ऊन, घाम आणि मळमळ एवढ्यावरून आम्ही पित्तप्रकोप व उन्हाचा त्रास असे निदान केले, सूतशेखर दिले, लिंबाचे सरबत घेऊन सावलीत पडून राहण्यास सांगितले आणि घरी पाठविले. सायंकाळी त्याच्या मांड्यांचे व पापण्यांचे स्नायू थरथरू लागले, श्वास लागला, आणि मुलाने त्याला रुग्णालयात नेले. तेथे कीटकनाशकाच्या विषबाधेचे निदान होऊन अ‍ॅट्रोपिन सुरू झाले. तो सहा दिवसांनी घरी आला. सकाळी त्याने गुलाबाच्या ताटव्यावर फवारणी केली होती. आम्ही ते विचारले नव्हते आणि त्याला ते सांगण्यासारखे वाटले नव्हते.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनएस्टरेज या द्रव्याचे कार्य रोखतात. परिणामी लाळ, अश्रू, घाम, श्वासनलिकेतील स्राव व मलप्रवृत्ती वाढते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात. उष्माघाताशी याचा घोटाळा होणे सहज शक्य आहे, पण दोन गोष्टी पाहिल्यास तो टळतो. उन्हाने त्रासलेल्या रुग्णाचे तोंड कोरडे पडते, याचे लाळेने भरते. आणि बाहुल्या लहान झालेल्या दिसतात. नाडी मंद असेलच असे नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नये. त्या माणसाच्या बाहुल्यांवर आम्ही साधी विजेरी टाकली असती तरी पुरे होते.

विष त्वचेतून शिरते, हे रुग्णास पटत नाही. त्याच्या मते विष म्हणजे प्यायलेले. प्रत्यक्षात पाठीवरचा पंप गळत असतो, सदरा भिजून दिवसभर अंगावर वाळतो, वाऱ्याकडे तोंड करून फवारणी होते, नोझल अडकले की ते तोंडाने फुंकले जाते आणि मध्येच त्याच तळहातावर तंबाखू मळली जाते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणाऱ्या शेतकरी व शेतमजुरांपैकी २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांनीही ते प्राशन केलेले नव्हते. बागेतील प्रमाण कमी असले तरी मार्ग तोच.

येथे अगदतंत्राच्या अभ्यासकांशी स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. स्थावर विषाच्या पहिल्या वेगात वमन द्यावे, असे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सांगितले आहे आणि ते आपल्या मनात पक्के बसलेले असते. परंतु आजची अनेक द्रवरूप कीटकनाशके पेट्रोलियमजन्य द्रावकात विरघळविलेली असतात. वमन करविल्यास ते द्रव फुप्फुसात जाऊन नवीच आपत्ती ओढवते. वमन नको, दूध नको, तूपही नको. स्वतः हातमोजे घालून रुग्णाचे सर्व कपडे उतरवावेत, केसांसह अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे, एका कुशीवर निजवावे आणि डब्यासह रुग्णालयात पाठवावे. डब्याचे वेष्टन हे तेथील चिकित्सकास आपल्या चिठ्ठीपेक्षा अधिक उपयोगी पडते. त्यावरील त्रिकोणाचा रंगही पाहावा : लाल अतितीव्र विष, त्याखालोखाल पिवळा, नंतर निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा.

अल्प प्रमाणात वारंवार होणाऱ्या संपर्कास दूषीविष म्हणण्याचा मोह होतो, आणि संकल्पना लागूही पडते. पण दूषीविषारी अगद लिहून देऊन त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच गळक्या पंपाखाली पाठविणे यास चिकित्सा म्हणता येणार नाही. शंका असल्यास रक्तातील कोलिनएस्टरेजची तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत होते, ती करून घ्यावी.

त्वचेकडे वळू. माळ्यांमध्ये आम्हास सर्वाधिक आढळणारा विकार गाजर गवताचा. १९५६ साली पुण्यातून या वनस्पतीची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली, आणि आज तिच्यावाचून मोकळी जागा सापडणे कठीण. वरच्या पापण्या, मानेच्या वळ्या, कोपराची व गुडघ्याची आतील बाजू येथे जाड, काळसर, खाजरे चट्टे येतात. पावसाळ्यात वाढतात व वर्षागणिक चिवट होतात. उन्हाने होणाऱ्या विकारात पापण्या व हनुवटीखालची सावलीतील जागा बहुधा सुटते, येथे सुटत नाही. आपण यास विचर्चिका म्हणून विरेचन, रक्तमोक्षण करतो. उपशय मिळतो आणि श्रावणात रुग्ण पुन्हा दारात उभा राहतो, कारण निदानपरिवर्जन झालेलेच नसते. शक्यतो त्याला गवत उपटण्याच्या कामावरून काढून दुसरे काम द्यावे, असे पत्र आम्ही समितीच्या नावे देतो. काही समित्या ऐकतात.

एक बाब मात्र आपल्या घरातली आहे. गाजर गवत ज्या कुलातील आहे, त्याच कुलातील माका, सहदेवी, गोरखमुंडी व अक्कलकरा ही आपली नित्याची द्रव्ये. शेवंतीही त्यातलीच. गाजर गवताची संवेदनशीलता असलेल्या रुग्णास एका कुलातील दुसऱ्या वनस्पतीने त्रास होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णास माक्याचा लेप वा तेल आम्ही देत नाही. चट्टा वाढला तर दोष औषधाचा की गवताचा, हेच कळेनासे होते.

स्थावर विषाची दहा अधिष्ठाने सांगताना ग्रंथकारांनी क्षीराचा स्वतंत्र उल्लेख केला आहे, आणि रुई, शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्यात गेलेले माळी पाहिल्यावर त्याचे महत्त्व पटते. शनिवारी मारुतीसाठी रुईची पाने तोडताना हा अपघात हमखास होतो. रुईच्या चिकाने दृष्टी धूसर होते, पण वेदना फारशी नसते, म्हणून रुग्ण दोन दिवस घरीच राहतो. वेदना नाही यावरून इजा नाही असे मानू नये. स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा व त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. मध, अंजन, तूप यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

गवत कापण्याच्या यंत्राने उडालेला खडा, उंच झाडावरून पडणे, कानाशी तासन्‌तास चालणारा आवाज, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, गुलाबाच्या काट्यातून व शेणखतातून होणारा धनुर्वात, या सर्वांस येथे फक्त स्पर्श करतो. सर्पदंशात मात्र आवळपट्टी, छेद व चोखणे पूर्ण वर्ज्य. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून प्रतिसर्पविष मिळेल त्या रुग्णालयात पाठवावे. पाचोळा हाताने न ओढता दाताळ्याने ओढला व पायात गमबूट असले तर अनेक दंश टळतील.

औषध निर्मात्या बांधवांनी स्वतःच्या अंगणाकडेही पाहावे. बिब्बा शोधनास बसविलेल्या कामगाराच्या हाताला व चेहऱ्याला खोबरेल लावले आहे ना, खाजकुइलीच्या शेंगा उघड्या हाताने कोणी हाताळत नाही ना, हे पाहणे मालकाचे काम. वनौषधी उद्यानात ठेवलेल्या कण्हेर, कळलावी व धोतऱ्याला पाटी असते ती नावाची, विषाची नसते. नव्या मजुरास हे शिकविण्यास दहा मिनिटे लागतात.

आमच्या चिकित्सालयात आता केसपेपरवर व्यवसायाखाली तीन प्रश्न छापले आहेत : आज फवारणी केली का, कोणते औषध, आणि अंगावरचे कपडे तेच आहेत का. दुकानदार बांधवांनी हातावर पुरळ दाखवून मलम मागणाऱ्या माळ्याला हेच तीन प्रश्न काउंटरवर विचारावेत. त्यातील पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले आणि माणूस घामाने व लाळेने भिजलेला असेल, तर मलम बाजूला ठेवून त्याच्या बाहुल्या पाहाव्यात आणि रिक्षा बोलवावी.